बेरीज बरोबर होती

दहावीच्या मराठीचे पेपर बाबांकडे तपासायला यायचे ते एप्रिलमध्ये, आणि गठ्ठा घरात आला की आमचा पंखा बंद व्हायचा. अमरावतीचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. पेपर उडू नयेत म्हणून पंखा बंद, झळ येऊ नये म्हणून खिडकीला ओली चादर, आणि त्या हिरवट अंधारात बनियनवर बसलेले बाबा, मांडीवर पाट, पाटावर उत्तरपत्रिका, हातात लाल पेन. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. रेडिओ लावायचा नाही. आई गच्चीवर कुरड्या घालून खाली यायची तेव्हा पायऱ्यांवर तिच्या बांगड्या वाजल्या तरी बाबा मान वर करून बघायचे. ती पदरानं मान पुसत म्हणायची, "पोरं पास होतीन का नापास मले मालूम नाई, आपन मातर भाजून निंघून राह्यलो." बाबा पुढचं पान उलटायचे. दुपारी बाराला भाकर, आंब्याच्या लोणच्याचा खार आणि कांदा, तेही पेपरांपासून चार हात लांब बसून, हात दोनदा धुऊन. तेलाचा एक डाग उत्तरपत्रिकेवर पडला तर त्या पोराचं नशीब फिरेल असं त्यांना खरोखर वाटायचं.

बाबांचा हात आखडता होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. निबंधाला पंधरा गुण असायचे. त्यातले आठ दिले की त्यांना उधळपट्टी केल्यासारखं व्हायचं. पलीकडच्या गल्लीत दुसरे एक सर राहायचे, तेही मराठीचेच परीक्षक. ते चहा पितापिता पेपर तपासायचे आणि अक्षर बरं दिसलं की बारा ठेवून मोकळे. दोघं एकाच बैठकीला जाऊन यायचे, नियामकांनी दिलेली तीच नमुना उत्तरं दोघांच्या पिशवीत असायची, आणि घरी आल्यावर आपापला स्वभाव घेऊन बसायचे. अकोल्याच्या पोरांचे पेपर अमरावतीला यायचे, अमरावतीचे तिकडे जायचे, म्हणजे ओळखीपाळखीचा घोळ नको. पण गठ्ठा कोणत्या गल्लीत उतरला यावर चार-पाच गुण इकडचे तिकडे होत, याचा बंदोबस्त कोणी केलेला नव्हता. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, कारण ते पेपर दुसऱ्यांचे होते.

त्या वर्षी मी घरीच होते. दहावी आदल्या वर्षीच झाली होती आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड.ला तेव्हा दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. मुलींच्या ज्या विद्यालयात मला जायचं होतं तिथं अमरावती आणि अकोला दोन्हीकडच्या मुली घेत, आणि पहिल्या वर्षी माझं नाव प्रतीक्षा यादीत सातवं लागून तिथंच वाळून गेलं. यंदा पुन्हा अर्ज करायचा होता. नाही झालं तर आजोळच्या मंडळींनी शेंदूरजनाघाटचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, संत्र्यांच्या बागावाले, मुलगा वाईट नव्हता, पण मला बागेत नाही, वर्गात जायचं होतं. आणि यंदाच्या यादीत कुंदा येणार होती.

कुंदा माझी आतेबहीण, अकोल्याची, माझ्याहून एका वर्षानं लहान. दर उन्हाळ्यात आत्या तिला घेऊन आमच्याकडे यायची, आणि दर उन्हाळ्यात माझं डोकं दुखायचं. ती दिसायला माझ्यासारखीच साधी होती, तेही एक बरं. पण ती बोलायला लागली की माणसं हातातलं काम ठेवायची. मी सांगितलेली गोष्ट ती दुसऱ्या दिवशी सांगायची आणि आई हसून हसून डोळे पुसायची, जी आदल्या दिवशी माझ्या तोंडून ऐकताना नुसती "हं हं" करत चिंचा फोडत होती. बाबा, जे माझं प्रगतिपुस्तक पाहून "ठीक हाय" एवढंच म्हणत, ते कुंदाचं पत्र आलं की दोनदा वाचायचे. एकदा माझ्यासमोर आत्याला म्हणाले, "कुंदीच्या लिहिण्यात जीव हाय. प्रभा मेहनती हाय." दोन्ही कौतुकंच होती म्हणा. पण मेहनती हा शब्द मला तेव्हापासून नको झाला तो आजपर्यंत. शाळेत चाळीस वर्षं काढली, एकाही पोरीच्या प्रगतिपुस्तकावर मी तो लिहिला नाही.

त्यातून मला राग होता तो गणिताचा. माझ्या वर्षीचा गणिताचा पेपर इतका वाईट निघाला होता की केंद्राबाहेर मुली भिंतीला टेकून रडत होत्या. कुंदाच्या वर्षीचा सोपा होता, तिनंच पत्रात लिहिलं होतं, "ताई, गणित तर हसत हसत गेलं." आता दोन वर्षांचे दोन वेगळे पेपर, दोन वेगळ्या हातांनी तपासलेले, आणि त्यातले गुण एकाच यादीत एकाखाली एक लावायचे! परवा माझी नात प्रवेश परीक्षा देऊन आली. तिची पाळी सकाळची, मैत्रिणीची दुपारची, पेपर वेगवेगळे. मी विचारलं, मग तुलना कशी करतात गं? तर म्हणाली, आजी, सगळ्यांचे गुण एका मापात आणतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, कम्प्युटर करतो. आमच्या वेळी कम्प्युटर नव्हता.

तर गठ्ठ्याकडे येते. पेपर तपासून झाला की आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरवायचे आणि बेरीज करायची. बेरीज चुकली की परीक्षकाला नियामकांकडून चिठ्ठी यायची, ती मोठी नामुष्की. म्हणून सगळ्या परीक्षकांच्या घरी बेरीज दुसऱ्यांदा तपासायला कोणीतरी बसायचं, बायको, मुलगी, सून. नियमात ते बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांच्या घरीही तेच चालायचं. आमच्याकडे ते काम माझं होतं. बाबा तपासलेले पेपर डाव्या हाताला ठेवायचे, मी ते उचलून उंबऱ्याशी, जरा उजेडात, घेऊन बसायची. पान उलटायचं, आतला गुण बघायचा, चौकटीतला बघायचा, बेरीज करायची, कोपऱ्यात बारीकसं टिंब द्यायचं. उत्तरं वाचायची नाहीत अशी बाबांची सक्त ताकीद होती, आणि मी बहुतेक वेळा ती पाळतही असे.

त्या दिवशी बाबा एका पेपरावर फार वेळ थांबले. मी चिंचोके वेचत बसले होते, काम संपलं होतं, म्हणून लक्ष गेलं. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. पान मागं उलटून पहिल्यापासून वाचलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, जे पेपर तपासताना मी कधी पाहिलं नव्हतं. पेन टेकवलं, गुण दिला. मग तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा पेन उचललं, काहीतरी खोडलं, लिहिलं, पेपर डावीकडे ठेवला आणि उठून मागच्या अंगणात गेले. हौदातून पाणी घेऊन तोंडावर मारल्याचा आवाज आला. मी तो पेपर उचलला.

अक्षर पाहताक्षणी कळलं. दर महिन्याला पोस्टमन ते अक्षर आमच्या घरी टाकत होता. तरी खात्री करावी म्हणून निबंध काढला. विषय होता, मला भेटलेली एक अनोळखी व्यक्ती. आणि कुंदानं माझी गोष्ट लिहिली होती. मी सात वर्षांची असताना चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात हरवले होते. एका कासारणीनं मला दिवसभर आपल्या दुकानाशी बसवून ठेवलं, अर्धी भाकर दिली, रडू नये म्हणून हातात एक एक बांगडी चढवत राहिली, संध्याकाळी बाबा शोधत आले. ही माझी गोष्ट. गच्चीवर झोपताना मी कुंदाला ती दोनदा-तीनदा सांगितली होती. मी सांगायची तेव्हा त्यात मी असायची, माझं रडणं, जमलेली माणसं, बाबांचा फिका पडलेला चेहरा. कुंदानं ती स्वतःच्या नावावर केली होती, पण निबंध त्या बाईचा होता. तिनं लिहिलं होतं की ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून विचारत होती, ही पोरगी कोणाची, पण प्रत्येक वेळी माझा हात जरा घट्ट धरत होती, कोणी 'माझी' म्हणू नये म्हणून.

मी तिथं होते. दिवसभर त्या बाईच्या शेजारी बसले होते. तो घट्ट धरलेला हात माझा होता, आणि मला ते कधी कळलं नव्हतं. गच्चीवर पडून नुसती गोष्ट ऐकलेल्या पोरीला कळलं. इतकी वर्षं झाली, तो क्षण आठवला की अजून तोंड कडू होतं. माझी गोष्ट तिनं चोरली याचा राग असता तर बरं झालं असतं, तो चारचौघांत सांगता येतो. मला मत्सर वाटला. साधा, नागडा मत्सर.

निबंधाच्या समासात बाबांनी अकरा लिहिले होते. बाबांनी अकरा! ते खोडून शेजारी सहा केले होते आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीला आपली छोटी सही केली होती. मी तिथंच उंबऱ्यावर बसून सगळं समजले. बाबांनीही ओळखलं होतं. बाजारात मला शोधत फिरलेले तेच होते, त्यांना कोण सांगणार. ओळखीचा पेपर निघाला तर तो न तपासता नियामकांकडे परत करायचा, दुसरा परीक्षक तपासेल, असा साधा नियम होता. बाबांनी तो पाळला नाही. त्यांनी तपासला, मनापासून गुण दिले, आणि मग भाचीला दिले म्हणून स्वतःचीच लाज वाटून काढून घेतले. पक्षपात होऊ नये म्हणून माणूस असं करू शकतो हे ज्याला पटत नसेल त्यानं आमचे बाबा पाहिलेले नाहीत.

मी फक्त तोंड उघडायला हवं होतं. बाबा, हा कुंदाचा पेपर आहे, परत करा, इतकंच. माझ्या तोंडून आलं असतं तर त्यांना ते करावंच लागलं असतं, आणि पेपर कदाचित पलीकडच्या गल्लीत गेला असता. ते तोंड पुसत आत आले. माझ्या हातातला पेपर त्यांनी पाहिला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"झाली बेरीज?"

"झाली."

"बरोबर हाय?"

"हो. बरोबर हाय."

मी कोपऱ्यात टिंब दिलं आणि पेपर गठ्ठ्यात सरकवला. त्या रात्रीपर्यंत मी माझ्याशी हिशेब जुळवूनही टाकला. तिच्या वर्षीचं गणित सोपं होतं ना? मग गेले असतील पाच मराठीत. माझं नॉर्मलायझेशन मी असं घरच्या घरी केलं.

जूनमध्ये निकाल लागला. जुलैत डी.एड.ची यादी लागली ती पाहायला बाबा आणि मी गेलो होतो. फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर शेवटचं नाव माझं होतं. खाली रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कुंदाचं. दोन गुणांचा फरक. बाबा त्या कागदापुढे इतका वेळ उभे राहिले की मागच्या बाईनं "काका, सरका जरा" म्हटलं. घरी आल्यावर आईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि बाबांच्याही घातला. त्यांनी तो गिळला की तसाच धरून ठेवला, मला कळलं नाही. आत्यानं मराठीच्या गुणांची पडताळणी मागितली होती, कारण कुंदाच्या बाई म्हणत होत्या की हिला इतके कमी पडूच शकत नाहीत. पडताळणीत तेव्हा पेपर पुन्हा तपासत नसत, फक्त बेरीज बघत. महिनाभरानं उत्तर आलं की गुणांत बदल नाही, बेरीज बरोबर आहे. ती बरोबर असणारच होती.

प्रतीक्षा यादी त्या वर्षी एका नावानंही पुढे सरकली नाही. माझी वेणी घट्ट झाली, विद्यालयाच्या पांढऱ्या साड्या आल्या, नोकरी लागली. पहिली कितीतरी वर्षं मी रिद्धपूरकडच्या खेड्यांत मास्तरकी केली, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. कुंदाचं लग्न अकोल्यातच झालं. पुढे ती अंगणवाडी सेविका झाली, आणि तिच्या अंगणवाडीतली पोरं पहिलीत येतात तीच मुळी गोष्टी सांगत, असं तिकडच्या शिक्षिका म्हणायच्या. हे ऐकूनही मला बरं वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. नोकरीत मी राज्यभराच्या चाचण्या घेतल्या, पायाभूत, संकलित, काय काय नावं असायची. तक्ते भरून वर पाठवले की वरून विचारणा यायची, तुमच्या शाळेचे गुण शेजारच्या शाळेपेक्षा कमी कसे? मी लिहायची, आम्ही जसेच्या तसे दिले म्हणून. त्याबद्दल माझं नाव होतं. बाईंच्या हातून कोणावर अन्याय होत नाही म्हणायचे लोक, आणि मी मान खाली घालून चहा प्यायची.

बाबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्यात त्या पेपराचा शब्द कधी निघाला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मी आठ दिवस अकोल्याला कुंदाकडे गेले होते. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, दोघी खाली सतरंजीवर लवंडलो होतो, जेवणातला आमरस आणि गव्हाचे सरगुंडे अंगावर आले होते. मी म्हटलं, मी लहानपणाचं लिहायला घेतलं आहे. ती म्हणाली, "मंग मायंबी लिहिजो त्यात. आन मामाचं लिहिजो. मामासारखा मानूस नाई पाह्यला म्या." आणि मग सहज, पापड भाजायला टाकावा तसं, म्हणाली, "तुले एक सांगू? दहावीचा माया मराठीचा पेपर मामाकडेच गेल्ता. त्याईनं वयखला, आन वयखीचे मार्क नको म्हनून पाच कापले. त्याच साली दिवाळीच्या आंधी घरी आलते. आईसमोर मले सांगितलं. रडले बावा ते. मी तुई जागा घालवली म्हने."

मी उठून बसले.

"आन म्हने, प्रभाले सांगू नोको. तिले मालूम नाई. तिले वाटीन आपली जागा खरी नोय. म्हनून इतले साल म्या तोंडातून काढलं नाई. आता काय, आपन दोघीबी बुढ्या झालो."

मला त्या वेळी पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकते, नाहीतर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. लाज नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं की बाबांनी हे हिला सांगितलं, मला नाही. एका घरात आम्ही दोघं ते गिळून बसलो होतो, आणि बाबा बसगाडीत बसून अकोल्याला जाऊन हिच्यापुढे रडून आले, मोकळे झाले. मला नाही बोलावलं त्या रडण्यात. आणि त्या चिडीनंच माझ्या तोंडून निघालं, चांगुलपणानं नाही.

"मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"सगळंच. तवाच. बेरीज मीच केल्ती कुंदे. अकराचे सहा केलेले म्या पाह्यले. तुया पेपर हाय हे सांगतलं असतं तर बाबाले परत करा लागला असता. म्या नाई सांगतलं."

 कुंदा छताकडे बघत होती. मग तिनं कुशीवर वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं, सगळं ऐकून घ्यायचं.

"म्हंजे निबंध वाचला तू?" ती म्हणाली.

"वाचला."

"पूरा?"

"पूरा."

ती उठून बसली. पासष्टीकडे आलेली बाई, गुडघा धरत, पण डोळे असे झाले की गच्चीवरची कुंदा समोर आली. "मामानं मले फकस्त मार्कच सांगतले वं ताई. कसा झाल्ता ते इचारायची हिंमत नाई झाली मायी. तो निबंध तुमी दोघाईनंच वाचला. तू त जिंदगीभर पेपर तपासले. मास्तरीण म्हनून सांग, इमानदारीनं. तू किती देल्ले असते?"

आकडा माझ्या मनात लगेच आला. तो चाळीस-पन्नास वर्षं तिथंच होता. तेरा. बाजारातल्या त्या घट्ट हातासाठी चौदासुद्धा. समोर ती वाट बघत होती, आणि मला तिच्याकडून काही घ्यायचं राहिलं नव्हतं, माझी नोकरी झाली, निवृत्तिवेतन चालू आहे, कुठलीही यादी लागायची नाही.

"दहा," मी म्हणाले.

"दहा?" तिनं बोटांवर मोजलं. सहाचे दहा, चार वाढले, दोन कमी पडले होते. "मंग त तुया हातूनबी लागलं असतं माया नाव!" तिला हसू आवरेना. तोंडावर पदर धरून ती उठली, गुडघा विसरली, आणि आत स्वयंपाकघरात सुनेला सांगायला गेली. मी सतरंजीवर बसून ऐकत होते.

"अवं, आयकलं का? माया निबंधाले प्रभाताईनं दहा देल्ले. दहा!"